आराम नको, सकाळ द्या

"हे डोळ्याचं दुखणं नाही, नसांचं आहे," संभाजीनगरच्या न्यूरॉलॉजिस्ट डॉक्टरबाईंनी एमआरआयची फिल्म उजेडापुढे धरून सांगितलं. आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस, थोडक्यात एमएस. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या नसांवरचं आवरण कुरतडते, मोटारीच्या वायरीला उंदीर लागावा तशी. ऐकून मला जगण्यामरण्याचं काही सुचलं नाही. कापसाचा सीझन भरात होता आणि माझी नोकरी दरवर्षीच्या कराराची. ती आता राहणार का, एवढंच डोक्यात आलं.

मी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत फील्ड सुपरवायझर आहे. माहेर वाटूरचं, सासर जुन्या जालन्यात. घनसावंगीकडचे कापसाचे सीड प्लॉट, म्हणजे कंपनीच्या बियाण्यासाठी शेतकऱ्यांनी लावलेली शेतं, माझ्याकडे असतात. तिथे बाया दुपारी उद्या उमलणाऱ्या कळ्यांमधले नराचे भाग काढून टाकतात आणि कळीवर लाल कागदाची टोपी चढवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ती टोपी काढून दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे. एखादी कळी तशीच सुटली तर बियाण्यात भेसळ. कुठे टोपी नाही ते ओळीओळीतून फिरून बघायचं, हे माझं काम.

दुखणं सुरू झालं ते या टोप्यांवरूनच. त्या मला आधी विटकरी दिसायला लागल्या, मग धुऊन काढल्यासारख्या. मी फोनवर स्टोअरकीपरशी भांडले, "हा काय बेकार माल पाठवला? रंग उडून चाललाय सगळा!" तो बिचारा शपथा घेत होता. बायांच्या मुकादम लक्ष्मीबाई टोपी माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "मॅडम, लालभडक हाय की!" मी त्यांच्यावरही चिडले. उजवा डोळा दुखत होता म्हणून त्यावर तळवा दाबला, तर तीच टोपी खरंच लालभडक दिसली.

याला ऑप्टिक न्यूरायटिस म्हणतात, म्हणजे डोळ्याच्या नसेला सूज. त्यात लाल रंग फिका पडतो आणि डोळा हलवला की दुखतो. तुम्हाला असं जाणवलं तर एकेक डोळा झाकून बघा आणि सरळ डॉक्टर गाठा. मी शहाणी आधी चष्म्याच्या दुकानात गेले होते.

संभाजीनगरच्या दवाखान्यात स्टेरॉइडची सलाईन चालली. तोंडाला गंजक्या लोखंडाची चव, झोपेचं नाव नाही. उशाशी मोबाईल वाजायचा, आमच्या प्रॉडक्शन मॅनेजर साहेबांचा. मी ताप आहे म्हणून सांगत होते. नवरा म्हणाला, "खरं सांगू नको. एकदा कळलं की घरीच बसवतेल." मलाही तेच वाटत होतं.

घरी सोडताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "अंग तापलं की नजर पुन्हा धूसर होईल. उन्हाने नवी इजा होत नाही, पण जुनी इजा डोकं वर काढते. गार झालात की दिसायला लागेल." उथॉफ असं काहीतरी नाव त्यांनी सांगितलं. जालन्यात सीड प्लॉटवर काम करणाऱ्या बाईला उन्हापासून जपा म्हणणं म्हणजे मासोळीला कोरडी राहा म्हणण्यासारखं. मी मान डोलावली आणि कामावर हजर झाले.

काही दिवस निभावलं. डोक्यावर ओला पंचा टाकून फिरायचे, नजर गेली की बांधावर बसून पाणी प्यायचे. मग एका दुपारी साहेब न सांगता प्लॉटवर आले. "ही ओळ बराबर झाली का, मॅडम?" माझ्यापुढे नुसता हिरवा-करडा चिखल होता. एक 'हो' म्हटलं असतं तर वेळ टळली असती. पण एखादी कळी सुटलेली असती, तर त्या प्लॉटच्या शेतकऱ्याचं सगळं बियाणं तपासणीत नापास झालं असतं.

"साहेब, मला दिसून न्हाई राह्यलं," मी म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावणं आलं. साहेब फार मायेने बोलले. "तुम्ही आता आराम करा. तब्येत आधी."

अपंगत्व आलेल्या कुणालाही विचारा, या 'आराम करा'ची किती भीती वाटते. माणूस गोड बोलून दार लावून घेतो आणि आपल्याला भांडताही येत नाही. मला रडू आलं, रागही आला. "आराम करून हे जाणार न्हाई, साहेब. घरी बसले तरी आजार राहणारच, पगार तेवढा जाईल. मला दुपार जमत न्हाई, सकाळ जमते. मला सकाळ द्या."

"अन् दुपारी कोण बघल?"

शेजारच्या प्लॉटचा सुपरवायझर गजानन टोप्यांची पाकिटं न्यायला आला होता, तो दारातूनच म्हणाला, "दोन्हीकडची दुपार मला द्या, साहेब. सकाळ ताईला. धारा काढून डेअरीला दूध घालूस्तोवर मला हमेशा उशीर होतो अन् तुमच्या शिव्या खाव्या लागतात."

"ताईची दया आली का रे?"

"दया कशाची? माझाच फायदा हाय त्याच्यात."

या वाक्यासाठी मी गजाननचे उपकार जन्मभर विसरणार नाही. साहेब म्हणाले, "बघू एवढा सीझन."

तेव्हापासून मी पहाटेच निघते आणि ऊन चढायच्या आत घरी येते. दुपारी पडून राहते, संध्याकाळी लेकीचा अभ्यास घेते. आधी ती झोपल्यावरच मी घरी पोचायचे. कधी पायाला मुंग्या येतात, इंजेक्शनं चालू आहेत. पण ऑफिसात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले. साहेब तर काही विचारायचेच नाहीत, "सावकाश, मॅडम" म्हणून पुढे जायचे. सीझन संपला की मला गपचूप वगळतील, या धास्तीने जेवण जात नव्हतं.

सीझनच्या शेवटी एकदा मी घाई केली. फुलांवरचं दव वाळायच्या आतच बायांना पराग लावायला सांगितलं. ओले पराग चिकटून गोळा होतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? साहेब नेमके तेव्हाच आले आणि सगळ्यांसमोर माझ्यावर गरजले. "इतकी वर्षं काय शिकलात, मॅडम? पुढच्या वर्षी असं दिसलं तर मी ऐकून घेणार न्हाई!"

मी चूक कबूल केली, काम थांबवलं आणि बांधाच्या पलीकडे जाऊन नवऱ्याला फोन लावला.

"साहेब लई बोलले आज मला."

"का? काय झालं?" तो घाबरलाच.

"पुढच्या वर्षी ऐकून घेणार न्हाई म्हणले. पुढच्या वर्षी, ऐकलं का?" मी म्हणाले आणि तिथेच बसून ढसाढसा रडले.