सकाळच्या चहाबरोबर भरलेली चेकलिस्ट

हेडबाईंशी माझं कधी पटलं नाही, आणि ते मी लपवलंही नाही. त्या आमच्या ऑपरेशन थिएटरच्या मुख्य नर्स आणि मी भुलेच्या मशीनवरची टेक्निशियन. पॅसेजमध्ये त्यांचा आवाज आला की माझ्या कपाळाला आठ्या पडायच्या.

कामाला वाघ होत्या, ते नाकारून चालणार नाही. पण तोंड! एखाद्या नव्या नर्सला रडवल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. आणि वरून चेकलिस्ट आली तेव्हा तर त्यांचा पाराच चढला. ऑपरेशनआधी सगळ्यांनी हातातलं काम थांबवायचं. पेशंटचं नाव, कुठला अवयव, कशाची अ‍ॅलर्जी, हे एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी उत्तरं द्यायची.

"इतकी वर्षं काय आम्ही झोपेत ऑपरेशनं केली? शाळा मांडलीय नुसती!"

मग बाईंनी शक्कल लढवली. सकाळी चहा पिता पिता दिवसभराच्या सगळ्या पेशंटांचे कागद त्या टिक करून टाकायच्या. पेशंट वॉर्डात दात घासत असायचा आणि इथे त्याचं सगळं तपासून झालेलं असायचं. वर आमच्या थिएटरचं कौतुक, कागद कसे चोख! मी एकदा तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "तू तुझं मशीन बघ. नसता शहाणपणा नको." सर्जन हसले. त्यांनाही घाईच असायची.

अशातच बाईंची धाकटी बहीण पित्ताशयाच्या ऑपरेशनला आली. आई लवकर गेली म्हणून बाईंनीच तिला लहानाचं मोठं केलेलं. "ताई, तू आत असशील ना?" तिने विचारलं. नातेवाइकांनी आत यायचं नाही, हा नियम मात्र बाईंनी पाळला. त्या बाहेर बाकावर बसल्या.

बहिणीला भूल चढली. हेडबाईंचीच बहीण, तिला आणखी काय विचारायचं, म्हणून कुणी काही विचारलं नव्हतं. भूलतज्ज्ञांनी कागदावर नजर टाकली आणि अँटिबायोटिकची सिरिंज उचलली. तेवढ्यात धाडकन दार उघडलं. बाई बाहेरच्या चपलांसकट आत घुसल्या.

"थांबा! ते नेहमीचं अँटिबायोटिक तिला चालत नाही! लहानपणी श्वास अडकला होता तिचा, आत्ता बाहेर बसल्यावर आठवलं मला!"

"पण कागदावर तर अ‍ॅलर्जी नाही असं टिक केलंय," भूलतज्ज्ञ गोंधळून म्हणाले.

"तो कागद मी भरलाय!" बाई किंचाळल्या. "त्याच्यावर कसला विश्वास ठेवता?"

सिरिंज खाली ठेवली गेली. दुसरं औषध दिलं, ऑपरेशन नीट पार पडलं. नंतर बाई खुर्चीत बसून माझा हात धरून रडल्या. "वाचली गं माझी पोर!" मला दया यायला हवी होती. आली नाही, उलट डोकंच फिरलं.

त्यांनी सकाळी भरलेले बाकीच्या पेशंटांचे कागद टेबलावर तसेच पडले होते. मी ते उचलले आणि त्यांच्या मांडीवर आपटले.

"आता यांच्यासाठी कोण धावत येणार, ते सांगा."