एस्थेटिशियनची खोली

२ ऑगस्ट, शनिवार. रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू निवडायचे होते.

दुसऱ्या दिवशी रविवारी आमची खानदेशातली देवी, कानबाई, घरात बसणार होती. त्यामुळे शनिवारी चक्कीवाल्याने चक्की धुतली, की सगळ्यांच्या आधी आपलं दळण लावायचं, हा आमच्या धुळ्याच्या घराचा शिरस्ता. मी जळगावहून सकाळीच पोचले होते. आमचा रावेरला केळी पॅकिंगचा धंदा, त्यामुळे गल्लीभर प्रसादाला पुरतील इतकी केळी खोक्यांत भरून आणायची आणि मखराला खांब आणायचे, हे काम दरवर्षी माझ्याकडे. पण या वेळी मोठ्या जाऊबाईंनी मला केळ्यांसाठी बोलावलं नव्हतं, भांडण मिटवायला बोलावलं होतं. फोनवर म्हणाल्या, "तू ये गं. तू फटकळ आहेस, तुझं कोणी मनावर घेत नाही." एवढी शिफारस मिळाल्यावर न जाऊन कसं चालेल.

भांडण एका खोलीवरून होतं. घराची रस्त्याकडची खोली माझ्या थोरल्या दिरांची. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो, गल्ली सर म्हणते. कॉलेजात मराठी शिकवून ते निवृत्त झाले, आणि मराठीतही त्यांचा विषय सौंदर्यशास्त्र. सुंदर म्हणजे काय, ते कुणाला वाटतं आणि का वाटतं, यावर ते जन्मभर बोलले. खोलीत छतापर्यंत पुस्तकं आहेत. भिंतींचा रंग मात्र बसस्टँडच्या मुतारीला असतो तो हिरवा, आणि इतक्या वर्षांत तो त्यांच्या नजरेला पडलेला नाही. रोज सकाळी खोली उघडायची, वर्तमानपत्र वाचायचं, खोली बंद करायची, एवढाच तिचा उपयोग.

ती खोली त्यांच्या सुनेला हवी होती. सुनेने लग्नाआधी नाशिकला त्वचेच्या देखभालीचा कोर्स केलेला. मुरुम, वांग, उन्हाने पडलेले डाग. नवरा चाकणला कंपनीत, सुट्टीला येणार. तिला खोलीत एक पलंग, एक खुर्ची आणि वाफेचं मशीन ठेवायचं होतं, आणि बाहेर पाटी लावायची होती: एस्थेटिशियन. दरम्यान नाशिकच्या एका क्लिनिकने तिला नोकरी देऊ केली होती आणि सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. खोली मिळाली तर सून धुळ्यात राहणार, नाही तर बॅग भरणार. जाऊबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. सून गेली की घरात त्या आणि सौंदर्यशास्त्र असे दोघेच उरणार होते, आणि त्यांना त्याचीच धास्ती होती.

भाऊ चहाला आत आले तेव्हा गव्हाचं सूप माझ्या हातात होतं.

"पार्लर माझ्या खोलीत होणार नाही," त्यांनी चहाच्या आधीच सांगून टाकलं.

"पार्लर नाही पप्पा," सून म्हणाली. "मी भुवया कोरत नाही, केस कापत नाही. मी एस्थेटिशियन आहे."

"तो शब्द तर मुळीच नाही. एस्थेटिशियन म्हणजे सौंदर्याची मीमांसा करणारा. तत्त्वज्ञ असतो तो. लोकांच्या तोंडाला वाफ देणारा नव्हे."

"मग वाफ देणाऱ्याला काय म्हणायचं?"

"इडलीवाला," मी म्हटलं. कोणी हसलं नाही. जाऊबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की भाडं खर्चून बोलावलं ते याच्यासाठी का.

खरं म्हणजे चूक दोघांचीही नव्हती. शब्दकोशात हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने राहतात, भांडतात ते फक्त धुळ्यात. आमच्या जळगावात तर हा शब्द केव्हाच हाताबाहेर गेला आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या लेडीज पार्लरचं मधे एस्थेटिक स्टुडिओ झालं. खुर्ची तीच, टॉवेल तोच, आतली बाईही तीच, फक्त पूर्वी ती "ताई, मान वर करा" म्हणायची, आता "मॅम, रिलॅक्स" म्हणते. फेशियल करून बाहेर पडलं की पूर्वी चेहरा तेलकट दिसायचा, आता त्याला ग्लो म्हणतात. सोनार मंगळसूत्र दाखवताना एस्थेटिक पीस आहे म्हणतो. बिल्डर जिन्यात उजेड ठेवत नाही, पण दर्शनी भिंतीला काचा लावून एस्थेटिक एलिव्हेशन म्हणतो. एका स्किनच्या डॉक्टरांकडे जी मुलगी नंबर लावून घेते तिच्याही कोटावर एस्थेटिशियन लिहिलं आहे. आम्ही केळीवाले तेवढे मागे राहिलो. आमच्याकडे व्यापारी सालीवर डाग दिसला की घड बाजूला काढतो, आत गोडी किती हे विचारत नाही, पण या कामाला त्याने अजून इंग्रजी नाव ठेवलेलं नाही.

हे सगळं मी भाऊंना ऐकवलं. ते म्हणाले, "म्हणूनच शब्द राखायला हवा." आणि चहा घेऊन खोलीत गेले. शब्दाबरोबर खोलीही राखायची असते, हे त्यांना न सांगताच कळत होतं.

रविवारी सकाळी वेगळीच अडचण उभी राहिली. आमच्याकडे कानबाई म्हणजे कलशावरचा नारळ. त्याला मेणाने चांदीचे डोळे आणि नाक बसवायचं, नथ घालायची, कुंकू लावायचं, की देवीचा मुखवटा तयार. हे काम आजवर अक्का करायच्या, म्हणजे आमच्या चुलत सासूबाई. या वर्षी त्यांचा हात थरथरायला लागला होता. चौरंगापाशी पाट घेऊन त्या बसल्या, डोळा उचलला, आणि परत डबीत ठेवला.

"मनाकडथीन नही व्हवाव," म्हणाल्या. माझ्याच्याने होणार नाही.

सगळे सुनेकडे बघायला लागले. तिने मान हलवली. "मी मेकअप करत नाही काकू. मी स्किनचं काम करते. नारळाला स्किन कुठे असते?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. "हे तर भाऊंचं काम. घरात तत्त्वज्ञ असताना आपण कशाला हात लावायचा?"

मी टोमणा मारला होता. भाऊंनी तो निमंत्रण म्हणून घेतला. सोवळं नेसून आले, नारळ मांडीवर घेतला आणि बराच वेळ त्याच्याकडे नुसतं पाहत राहिले. मग दोन डोळ्यांत अंतर किती असावं यावर बोलले. मग सौंदर्य केवळ प्रमाणबद्धतेत नसतं, असंही बोलले. त्याचा पुरावा त्यांनी लगेच दिला. मेण उकाड्याने ओघळत होतं, उजवा डोळा कपाळाकडे गेला होता आणि डावा गालावर उतरला होता.

अक्कांनी वाकून पाहिलं. "भाऊ, देवीले लकवा व्हयना का?"

भाऊंनी नारळ खाली ठेवला आणि हात धुवायला गेले. गल्लीतल्या बायका दुपारपासून दर्शनाला येणार, आणि आपल्या घरची कानबाई अशी. आता जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. सुनेने ओढणी खोचली, नारळ उचलला आणि स्वयंपाकघरात गेली. आधी उरलेल्या शेंड्या काढून नारळ घासून चोपडा केला, तो पुसून पंख्याखाली वाळवला, मेण फ्रिजमध्ये ठेवून घट्ट केलं, मग डोळे बसवले. इथे थांबली असती तर बरं झालं असतं. पण एकदा हात लागल्यावर तिलाही आवरेना. काजळ आलं, गालांना लाली आली, ओठ आले. चौरंगावर आमची कानबाई बसली ती हायवेवरच्या सोनाराच्या होर्डिंगवरची नवरी दिसत होती.

अक्का पाहत राहिल्या. "जराशी जास्तच नटी," त्यांनी निकाल दिला. "पन डोया जागावर शेतस."

दुपारी बायका यायला लागल्या. पहिलीने हात जोडले, वर पाहिलं, आणि जाऊबाईंच्या कानाशी लागली, "माय, हाई तोंड कोनी कयं?" सुनेने केलं म्हटल्यावर ती दर्शन अर्धवट टाकून स्वयंपाकघरात. "बेटा, मना वांग जाई का?" सुनेने तिला ट्यूबलाइटखाली उभं केलं, हनुवटी धरून चेहरा इकडे तिकडे फिरवला आणि सांगितलं की बाजारातली गोरं करणारी क्रीम आधी फेकून द्या. हे बाहेर कळायला वेळ लागला नाही. देवीपुढे हळदीकुंकू घ्यायचं आणि मग सुनेपुढे तोंड धरायचं, असा क्रम ठरून गेला. पुढची खोली भजनाच्या मंडळींनी भरली होती, म्हणून नंबर लावलेल्या बायका जिथे जागा दिसली तिथे, म्हणजे भाऊंच्या खोलीत, जाऊन बसल्या.

मला वाटलं, आता भडका उडणार. मी खिरीचं पातेलं उतरवून बघायला गेले. भाऊ खुर्चीत ताठ बसले होते आणि बोलत होते. समोर सतरंजीवर खोलीभर बायका. कोणी उठत नव्हती, कारण उठली तर नंबर जाणार होता. भाऊंना ते कारण ठाऊक नव्हतं. सुंदर वस्तू आणि उपयोगी वस्तू यांतला फरक ते समजावत होते.

"सर, इचारू का?" एक बाई म्हणाली. "काई बाई सुंदर राहस का नही राहस? मना घरना तर नही म्हनतस."

काळी बाई सुंदर असते की नाही, एवढा साधा प्रश्न. भाऊ पुढे सरकून बसले आणि असं काही बोलायला लागले की त्या बाईने पदर सावरला. त्यांना निवृत्तीनंतर कोणी प्रश्न विचारला नव्हता. कॉलेजातही विचारला असेल असं मला वाटत नाही.

रोटाचं जेवण झाल्यावर मी पान द्यायला त्यांच्याकडे गेले.

"भाऊ, एक सुचतंय. खोलीत मधे पडदा टाकू. पलीकडे सून. अलीकडे बाक आणि तुमची खुर्ची. बायका थांबतील तोवर तुम्ही शिकवा. हजेरीचा त्रास नाही. पळून जाणार कुठे, नंबर जाईल ना."

हाही टोमणाच होता. फार तर अर्धा. भाऊंनी पान चघळत विचार केला, आणि मला लाज वाटावी इतक्या गंभीरपणे म्हणाले, "बाकाला पाठ असू दे. पाठ नसली की विद्यार्थी चुळबुळतात."

"आणि पाटी?"

"पाटीवर तोच शब्द राहू दे. कोणी अर्थ विचारला तर मी आहे सांगायला."

विचारायला कोण येणार आहे, हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी गिळलं. सण होता.

सून भांडी विसळत होती. तिला सांगितलं तर तिचा हात थांबला. "म्हणजे काकू, माझ्या क्लायंटना आधी लेक्चर?"

"नाशिकला काय मिळणार आहे? मालक. इथे सासरा आहे. बोलतो, पण पगार कापत नाही."

"आणि पडद्याआड मी वाफ देत असताना त्यांनी प्लेटोवर बोलायला लागायचं?"

"तू मशीन मोठ्या आवाजाचं घे."

ती हसली नाही, पण नळ बंद केला. मोबाइल घेऊन बाहेरच्या ओट्यावर गेली. जाऊबाई दारातून तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. परत आली तेव्हा म्हणाली, "नाशिकला नाही म्हणून कळवलं. पण पडदा जाड पाहिजे, आणि पप्पा पलीकडे येणार नाहीत." जाऊबाईंनी लगेच पाण्याचा तांब्या मागितला आणि गुडघे दुखतात म्हणून खाली बसल्या.

सोमवारी सकाळी वाजतगाजत कानबाईला पांझरा नदीवर विसर्जनाला नेलं. घरी येऊन मी चांदीचे डोळे, नाक आणि नथ धुऊन डबीत ठेवली आणि डबी अक्कांच्या हातात न देता सुनेच्या हातात दिली. मग प्रसादाची केळी संपून रिकामी झालेली खोकी ओढत भाऊंच्या खोलीत नेली आणि सौंदर्यशास्त्र त्यांत भरायला घेतलं. खोकी निर्यातीच्या मालाची होती, वर ठळक अक्षरांत नाजूक माल, आपटू नये असं छापलेलं. भाऊ दाराशी उभं राहून प्रत्येक पुस्तकाला एकेक वाक्य बोलत होते. भिंत मोकळी झाली तसा तो हिरवा रंग अजूनच हिरवा दिसायला लागला.

"हा रंग असाच होता का?" भाऊंनी विचारलं.

मी पेंटरला फोन लावला.