वाहतं पाणी गोठत नाही

फोन आला तेव्हा मी सांता क्लाराला, मुलाकडे होते. डॅलसच्या आमच्या शेजारणीचा होता. रोज पहाटे पोहणारे माझे यजमान त्या दिवशी पाण्यात दिसले नाहीत म्हणून तिने दार वाजवलं होतं... हे झोपेतच गेले होते. आदल्याच दिवशी आमचं बोलणं झालं होतं. बोलणं कसलं, भांडणच. "तुझी व्हॅसलिनची डबी संपवली गं मी," हे म्हणाले. माझी बोटं संधिवाताने आखडलेली, थंडीत भेगाळतात. ऐन हिवाळ्याच्या तोंडावर ती संपवायची काय गरज होती? मी चिडले. "होतं एक काम," एवढंच म्हणाले, आणि तेच शेवटचं बोलणं ठरलं.

हे सांगलीचे. पाठीला भोपळा बांधून कृष्णेत पोहायला शिकलेले. त्यामुळे घर घेताना मागचा पोहायचा पूल आधी पाहिला, स्वयंपाकघर नंतर. मी त्या पाण्यात कधी पाऊल घातलं नाही, पण त्याची धास्ती मात्र माझ्याही वाट्याला आली. टेक्सासात एखादी रात्र अशी येते की पुलाचं पाणी फिरवणाऱ्या पंपातलं पाणी गोठतं आणि पंप तडकतो. टीव्हीवर तसा इशारा आला की हे दिवस मावळायच्या आत पंप सुरू करायचे. "वाहतं पाणी गोठत नाही," हा यांचा मंत्र. "माझ्या तापाला तरी इतकं जपता का?" मी म्हणायचे. आणि वीज गेली तर? "तर तळाचे दोन प्लग काढायचे, पाणी सोडून द्यायचं. सोपं आहे." सोपं यांना! ते प्लग हे पक्कड लावून आवळायचे.

दिवसवार आटोपल्यावर मुलाने, नचिकेतने, घर विकायचा विषय काढला. "आई, प्रॅक्टिकल हो ना. एकटी कशी मॅनेज करणार तू हे सगळं?" हा हिवाळा निघू दे, मी म्हटलं. म्हटलं खरं, पण पंप फुटला असता तर त्याचंच खरं ठरलं असतं.

गेल्या आठवड्यात बर्फाळ पाऊस आला. दुपारीच पंप सुरू करून मी खिडकीत बसले, सगळा जीव त्या घरघरीत. संध्याकाळी दिवे गेले आणि घरघर थांबली... शेजारीण गावाला गेलेली. यांचा कोट चढवून बाहेर गेले, पंपाचा स्विच पाडला आणि पक्कड घेऊन उकिडवी बसले. बोटं पक्कडीवर मिटेनात. पक्कड निसटली. रडू आलं, यांचा भयंकर राग आला. "काय हे करून ठेवलंत अहो," म्हणत नुसत्या बोटांनीच प्लग चाचपला... आणि डबीचं झाकण फिरावं तसा तो फिरला. पाणी भसकन पायांवर आलं. दुसराही तसाच निघाला. या खेपेला यांनी पक्कड लावलीच नव्हती, आणि आट्यांवर व्हॅसलिन लिंपून ठेवलं होतं.

आत येऊन नचिकेतला मोबाइल लावला. "पंपातलं पाणी सोडलं."

"हेल्प कोणी केली?"

"तुझ्या बाबांनी," मी म्हटलं. घराचा विषय त्याने काढला नाही.

रिकामी डबी अजून बेसिनपाशी आहे, टाकवत नाही. त्या संध्याकाळी मी हात धुतले नाहीत... अंधारात बोटांवर बोटं चोळत, ते व्हॅसलिन भेगांमध्ये जिरवत बसून राहिले.