शेवटचा घोट माझा

"टी.बी. आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. टी.बी. म्हणजे क्षय. आमच्या ईट गावाकडं त्याचं नावसुद्धा कुणी घेत न्हाय, नुसतं 'तो आजार' म्हणतात. माझी एस्तेर तेव्हा पदराखाली दूध पीत होती. बाईंनी आधी तिला माझ्या मांडीवरून उचललं आणि मग पुढचं सांगितलं.

खोकल्यातून रक्त पडलं म्हणून आमच्या मालकांनी, एस्तेरच्या बापानं, मला बैलगाडीत घालून तिथं आणलं होतं. मिशनचा दवाखाना, निजामाची हद्द ओलांडून इंग्रजी मुलखात. स्प्युटम, म्हणजे थुंकी, डबीत घेऊन तपासली. एक्स-रे काढला, म्हणजे छातीच्या आतला फोटो. इलाज काय, तर दूध, अंडी, मोकळी हवा आणि पडून राहणं. मालक एस्तेरला घेऊन गावी परतले, मी दवाखान्यातच राहिले. जन्मभर राबले तेव्हा कुणी अंडं दिलं न्हाय, आता रोज मिळायचं आणि गळ्याखाली उतरायचं न्हाय!

मरणाची भीती वाटली न्हाय असं म्हणाले तर खोटं होईल. पण त्याहून मोठी भीती लेकीची. मी तिला पाजलं होतं, तिचे मुके घेतले होते. तिलाही तो आजार लागला असंल तर? प्रार्थनेला डोळे मिटले की एस्तेरचा खोकला कानात यायचा आणि प्रार्थना तिथंच तुटायची. देवाशी मी लई भांडले. त्यानं ऐकलं असंल, पण उत्तर दिलं न्हाय.

कित्येक महिन्यांनी बाई म्हणाल्या, "दोन्ही फुप्फुसं खराब झालीत. आता घरी जा. मुलीला लांबूनच बघ."

मालकांनी शेतात माझ्यासाठी कोप, म्हणजे पाचटाची झोपडी, घातली. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, एस्तेरला कडेवर घेऊन बांधापर्यंत यायच्या. मी कोपीच्या दारातून बघायची. पोर परक्या बाईकडं बघावं तशी बघायची.

महिन्याच्या प्रभुभोजनाला, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकर नि द्राक्षरस द्यायला, पाळकसाहेब यायचे. आमच्यात एकच पेला. सगळी मंडळी त्याच पेल्यातून घोट घेते. मी देवळाच्या दाराबाहेर बसले आणि पेला नको म्हणाले. आत्याबाई सगळ्यांदेखत कडाडल्या, "विश्वास सोडलास व्हय गं? प्रभूच्या पेल्यातून कुणाला रोग लागत न्हाय! आण इकडं, तुझ्यामागून म्या पिते."

त्या खरंच प्यायल्या असत्या. आणि घरी जाऊन एस्तेरला भरवलं असतं.

"पाळकसाहेब, मला सगळ्यांच्या शेवटी द्या," मी म्हणाले.

त्यांनी तसंच केलं. पण आमच्यात पेल्यात उरलेलं टाकत न्हाईत. शेवटी पाळक पितात. ते हात पुढं करून थांबले. बायकापोरं असलेला माणूस, पण हात मागं घेईना. मी पेला दिलाच न्हाय. तळापर्यंत पिऊन टाकला. मग तो पदरात गुंडाळला आणि सांगितलं, "आता हा माझ्याकडंच राहू द्या. मंडळीसाठी दुसरा आणा."

आत्याबाई रडायला लागल्या. मला मात्र रडू आलं न्हाय. क्रुसावर जायच्या आदल्या रात्री बागेत प्रभूलाही भीतीनं घाम फुटला होता, तरी तो पळाला न्हाय, एवढंच त्या वेळी मनात होतं. आजार माझा होता. तो माझ्यापाशीच संपवायचा, एवढं काम माझ्या हातात होतं.

तुम्हाला कुणाला उद्या या आजाराचं नाव ऐकावं लागलं, तर बरं वाटंल असं मी सांगणार न्हाय. माझं अंग रोज उतरतंय. भीतीही गेलेली न्हाय. पण आता ती शेजारी बसली तरी मी प्रार्थना पुरी करते. आमेन म्हटल्याबिगर थांबत न्हाय.

परवा आत्याबाई बांधावर आल्या. "आईला हात कर," म्हणाल्या. एस्तेरनं त्यांच्याच गालावर हात ठेवला आणि म्हणाली, "आई." आत्याबाई ओशाळल्या, तिला दटावायला लागल्या.

"आत्याबाई, नका रागावू तिला," मी ओरडले. तेवढ्यानंही धाप लागली. "म्हणू द्या. तिला आई लागंल."