नवरदेवांच्या हातातला चाकू

लिंबाच्या आंबट वासात लोखंडाचा वास मिसळला की मला हळदीचा मांडव आठवतो, आणि तो मांडव नेहमी दुसऱ्या कुणाचा तरी असतो. चाकूरजवळच्या आमच्या गावात हळद लागली की नवरदेवानं हातात धारेचं लोखंड धरायचं, टोकाला लिंबू खोचायचं आणि लग्न लागेपर्यंत ते खाली ठेवायचं नाही, अशी रीत. बहुतेक घरं अडकित्त्यावर भागवत. पण माझ्याकडे, म्हणजे शाळेच्या गुरुजींकडे, वीतभर पात्याचा घडीचा चाकू आहे हे कळल्यापासून प्रत्येक लग्नात त्याला बोलावणं येऊ लागलं. धारेची वस्तू हातोहात देऊ नये म्हणून मी तो ओट्यावर ठेवी आणि नवरदेवाचा मामा उचलून नेई. चाकू मांडवभर मिरवे, मी पंगतीत जेवून घरी येई.

पारख ही माझी एकुलती एक ऐट. मोठा चाकू आधी मिटलेलाच तळहातावर तोलावा. जड तेवढं चांगलं ही बाजारातली भाबडी समजूत. मग कानाशी नेऊन उघडावा, खटका एकदाच आणि ठाम वाजला पाहिजे. पातं चिमटीत धरून हलवावं. तसूभरही हललं तर मुठीवरच्या पितळी मोरांना भुलू नये. मिटल्यावर टोक मुठीत पुरतं बुडावं, नाहीतर तो खिशाचाच वैरी. हा चाकू मी नांदेडला चाकू-सुऱ्या घडवणाऱ्या एका शिकलगाराकडे बारा चाकू परत सारून तेरावा म्हणून घेतला. तेव्हा आमचं गाव उस्मानाबाद जिल्ह्यात होतं आणि मला उदगीरचं स्थळ आलं होतं; फक्त सुपारी फुटायची राहिली होती. चाकू माझ्याच हळदीसाठी होता.

मुलगी मला आवडली होती. तरीही, खोटं कशाला बोलू, मी पुन्हा एकदा बघण्याचा निरोप धाडला. नीट तपासल्याशिवाय काही घ्यायचं नाही, ही सवय अंगात मुरलेली. तिचे वडील पेठेतले मानी दुकानदार. स्वतः आले, ओट्याची पायरीही चढले नाहीत. "गुरुजी, आमची लेक काय बाजारातली जिन्नस हाय, उलटीपालटी करून बघाया?" एवढंच म्हणाले नि आल्या पावली परत गेले. चूक माझीच होती. पुढं चार-दोन स्थळं आली आणि मग येईनाशी झाली.

लातूर जिल्हा झाला, नव्या पाट्या रंगल्या, आणि लागोपाठ दोन वर्षं आभाळानं पाठ फिरवली. विहिरींच्या तळाशी शेवाळही वाळलं. माणसं खडी फोडायला गेली, लग्नं पुढं ढकलली गेली, आणि चाकू माझ्याजवळ ट्रंकेत पडून राहिला. त्या निवांतपणात तो मला बघवेना. विकावा असं मनात आलं, आणि विकायचा म्हणजे आता आपल्याला हळद लागायची नाही हे कबूल करायचं, हेही उमजलं. एका रविवारी मी नांदेडची गाडी धरली.

शिकलगार वारला होता. त्याची म्हातारी बायको दुकानात बसली होती. तिनं चाकू मिटलेलाच तोलला, कानाशी नेऊन उघडला. माझ्याच साऱ्या परीक्षा, पण तिच्या हातात त्या किती मायाळू वाटल्या!

"आमच्याच घरचा माल हाय, भाऊ. पर ह्यानं काई कापलंच न्हाई की कदी! टोक तेवढं लिंबानं खाल्लंय. अन् मूठ लई हातांनी घासलीय. लग्नातला हाय का?"

"हो."

"तुमच्याबी लग्नात हाच व्हता?"

मी तिच्याकडे पाहिलं. "हो," म्हणालो.

तिनं चाकू मिटून माझ्यासमोर फळीवर ठेवला. "मंग मी घेत न्हाई. घरी मालकिणीला इचारलं का तरी? बायामाणसाला वाईट वाटतं अशानं. जावा, घेऊन जावा."

जन्मभर दुसऱ्याच्या मालातले दोष काढले, पण तिनं माझं खोटं न तपासता खरं धरलं, आणि मला खाली मान घालून निघावं लागलं.

स्टँडसमोर एक बाई गोदावरीच्या आटलेल्या पात्रातली खरबुजं विकत होती. पोटात भूक होती. एक घेतलं, बाकावर कागद पसरला आणि चाकू उघडला. पातं आवाज न करता आरपार गेलं. इतकी सुरेख धार! इतक्या वर्षांत तो मी तोलला, ऐकला, उजेडात धरला. कापून मात्र कधी पाहिलंच नव्हतं. खरबुजाची सारखी दोन भकलं झाली. एक मी खाल्लं. फार गोड होतं. दुसरं तसंच कागदावर ठेवून, लातूरची गाडी लागेपर्यंत मी बाकाच्या कडेला सरकून, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून बसलो होतो.