तांबडं पाणी

बनुबाईचं तोंड वाईट, असं अख्खं गाव म्हणायचं, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. अकोल्याच्या डोंगरात, त्यांच्या गावाखाली मोठा धबधबा होता. श्रावणात नगर-संगमनेरकडची माणसं तो पाहायला यायची. कड्यातून उतरायची वाट निसरडी. पाय चुकला की थेट दरीत. नवरा गेल्यापासून बारा वर्षं बनुबाईच लोकांना त्या वाटेनं न्यायची-आणायची. तिचा दीर छगन त्या कामावर डोळा ठेवून होता. बाईमाणसानं परक्या पुरुषांपुढं चालू नये, असं तो चारचौघांत बोलून दाखवायचा.

चव्वेचाळीसच्या श्रावणात नगरच्या एका कचेरीतले अव्वल कारकून यज्ञेश्वरराव बायकोला, प्रेमलाबाईंना, घेऊन आले. छगन आधीच पुढं जाऊन उभा.

"रावसाहेब, मी नेतो. ही बाई लई कजाग हाय."

यज्ञेश्वररावांनी बनुबाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "येऊ दे तिलाही. सतरंजी घेईल. ए, फराळाच्या डब्याला मात्र हात लावायचा नाही."

"मला न्हाई तुमच्या डब्याची हौस," असं म्हणून बनुबाईनं सतरंजी डोक्यावर घेतली. छगनला पावसातली ती वाट धड ठाऊक नव्हती. शहरातली बाई घसरून पडली तर बोल गावाला लागला असता, म्हणून ती निघाली.

उतरताना छगन दोनदा चुकला. दोन्ही वेळा बनुबाईनं मागून हाक मारली आणि दोन्ही वेळा यज्ञेश्वरराव तिच्यावरच खेकसले.

खाली गुडघाभर पाण्याचा ओढा ओलांडून सगळे पलीकडच्या खडकावर गेले. तिथून धबधबा समोर दिसायचा. प्रेमलाबाई डबा उघडणार, तेवढ्यात बनुबाईचं लक्ष पाण्याकडं गेलं. मघाशी स्वच्छ असलेलं पाणी तांबूस झालं होतं आणि त्यातून पालापाचोळा वाहत येत होता.

"उठा. वर डोंगरात पाऊस कोसळलाय. आताच्या आता माघारी चला."

"तुला कुणी विचारलं? छगन, खरं का हे?"

छगननं आकाशाकडं पाहिलं. डोक्यावर तर ऊन होतं. "काय न्हाई रावसाहेब. हिला नसती घाई."

प्रेमलाबाई मात्र डबा हातात घेऊन उठल्या.

"बस खाली!" नवरा ओरडला.

"अहो, भीती वाटते मला," म्हणत त्यांनी बनुबाईचा हात धरला. दोघी ओढा ओलांडून अलीकडच्या काठावर चढल्या आणि मागून लोंढा आला. पाहता पाहता ओढा पुरुषभर झाला. दोघे पुरुष खडकावरच अडकले. यज्ञेश्वरराव हातवारे करत ओरडत होते, पण धबधब्याच्या आवाजात एक शब्द ऐकू येईना.

"काय करायचं?" प्रेमलाबाईंनी विचारलं.

"खडक उंच हाय, तितवर पानी चढत न्हाई. बसू द्या. डोकं थंड हुईल."

दुपार टळली तेव्हा प्रेमलाबाईंनी डबा उघडला आणि पहिली दशमी बनुबाईच्या हातावर ठेवली. पलीकडून नवरा बघतच होता. बनुबाईनं त्याच्याकडं तोंड करून सावकाश खाल्ली.

संध्याकाळी पाणी ओसरलं. यज्ञेश्वरराव अलीकडं आले ते थेट परतीच्या वाटेला लागले. आठवड्याभरात त्यांची लेखी तक्रार चावडीवर आली. बाईनं मुद्दाम वाट चुकवली, आम्हाला मरणाच्या दारात सोडलं. छगननं पाटलासमोर त्याला दुजोरा दिला.

"भावजय म्हनून इतके दिवस गप ऱ्हायलो," तो म्हणाला.

"गप कसला, टपून बसला हुतास," बनुबाई म्हणाली. पण पाटलानं तिचं काम बंद केलं ते केलंच.

दोन वर्षांनी प्रेमलाबाई बहिणीला घेऊन आल्या आणि बनुबाईचं घर विचारत दारात उभ्या राहिल्या.

"बनुबाई, तुम्हीच चला. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

बनुबाई नाचणी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"चावडीवर माझी लाज निघाली, तवा कुठं हुता तुमी?"

"ह्यांनी येऊ दिलं नसतं हो."

"मग एक चिट्ठी धाडायची. लिहिता येतं न्हवं?"

प्रेमलाबाईंनी मान खाली घातली. मग दोघी बहिणी छगनकडं गेल्या आणि बनुबाईनं उरलेली नाचणी पाखडायला घेतली.