मोत्यासारख्या अक्षरातली हिस्टरी

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आईबाप राणीसावरगावकडचे, दसरा झाला की ऊस तोडायला जाणारे. मी समाजकार्याची पदवी घेतली आणि परभणीत मनोरुग्णांच्या एका खाजगी दवाखान्यात लागले. काम हिस्टरी लिहिण्याचं. पेशंटला घेऊन येणारा जे सांगेल ते कागदावर उतरवायचं. माझं अक्षर मोत्यासारखं, त्याचा मला लय अभिमान होता. आता त्याच अक्षराची किळस येते.

पाथरीकडची एक बाळंतीण आणली होती. नवरा आणि सासू टेबलाशी खुर्च्यांवर, ती भिंतीला टेकून खाली.

"सारखी रडती. लेकरू विहिरीत टाकायला निघाली हुती," सासू म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलं, तसा नवरा म्हणाला, "तिला काय इचारता म्याडम? तिला कळत असतं तर हितं कशाला आणली असती?"

मला ते पटलं. विहिरीचं वाक्य मी जरा ठळकच काढलं. डॉक्टरांनी संत्रं सोलता सोलता सही केली. रस कागदावर उडाला, तोही मीच पदरानं टिपला.

नवऱ्यानं तो कागद कोर्टात लावला. बायको वेडी आहे, फारकत द्या, मूल माझ्याकडं राहू द्या. चार महिन्यांनी ती बापाला घेऊन माझ्यासमोर उभी राहिली तेव्हा मला हे कळलं. तेव्हा कुठं मी तिला विचारलं, "विहिरीवर कशाला गेली होतीस?"

"पाणी आणाया. लेकराला कुणी धरंना, म्हणून कडंवर घेऊन गेले." मग म्हणाली, "तवा इचारलं असतं तर तवाच सांगितलं असतं, ताई."

मी डॉक्टरांकडं गेले. ते म्हणाले, "वेडाची हिस्टरी वेड्याला विचारून लिहितात का?" आणि हसले.

कोर्टात मी तिच्या बाजूनं उभी राहिले. नवऱ्याच्या वकिलानं विचारलं, "म्हणजे तुम्ही न विचारताच लिहिता?"

"हो. सगळ्यांचं तसंच लिहिलं."

लोक फिदीफिदी हसले. लेकरू तिला मिळालं, माझी नोकरी गेली. दुसऱ्या दवाखान्यांनी दारातूनच वाटेला लावलं. कोर्टात बोलणारी बाई कुणाला हवी?

म्हणून पेशंटचं ऐकून घ्यायला स्वतःची खोली घ्यायची ठरवली. विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलेलं, जात कळावी म्हणून घरमालक आधी आडनाव विचारायचे. माझं आडनाव ऐकून हसून चहा सांगायचे, तो मी न पिता तसाच ठेवायचे. मग धंदा ऐकला की तेच म्हणायचे, "येड्यांची वर्दळ नको."

शेवटी एक बंद पडलेली पिठाची गिरणी मिळाली. भिंती घासून घासून हात सोलले, तरी कुबट वास जाईना. बाहेर एक बाकडं टाकलं. नियम एकच: आणणाऱ्यानं बाहेर बसायचं.

आठवडाभर कुणी फिरकलं नाही. मग तीच पाथरीकडची बाई आली, लेकरू कडेवर. सोबत तिची चुलत बहीण आणि त्या बहिणीचा नवरा. तो थेट आत घुसून खुर्ची ओढायला लागला. "हिला काय सांगता येत न्हाई. तुमी लिहून घ्या, मी सांगतो."

मी काही बोलायच्या आत पाथरीकडच्या बाईनं कडेवरचं लेकरू त्याच्या हातात दिलं.

"दाजी, तुमी ह्याला धरून भाईर बसा," ती म्हणाली. "हितं तिला इचारत्यात."